बिनहप्त्याचा विमा

बागबाजार, कलकत्ता
ता. ९ ऑक्टोबर १९६७

चि. दत्तू,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की परत पाठवायचे ते तुझे तू ठरव. आईच्या तेराव्याला चारचौघांत 'दादा, तुला माणसं कामापुरतीच लागतात' असे म्हणून तू भरल्या पानावरून उठलास, त्याला सहा वर्षे झाली. त्यानंतर आज तुझे पत्र. माफीबिफी असेल म्हणून चष्मा पुसून वाचायला बसलो, तर निघाले शकुनसाठी स्थळ. पुतणीची काळजी सहा वर्षे कुठे मुक्कामाला होती ते तेवढे लिहिले नाहीस.

स्थळ वाईट नाही. मुलगा नागपुरात कॉलेजात शिकवतो, राहायला स्वतःचे घर, आणि त्याला आई नाही म्हणजे शकुनला सासू नाही. शकुन सव्वीस वर्षांची झाली, आता थांबू नये, असे तू मला समजावतोस. तिचे वय मला ठाऊक आहे, दत्तू. मी तिचा बाप आहे.

पण इथले तुला काय माहीत? रेल्वेने मागणी कमी केल्यापासून आमच्या कारखान्यात निम्मी यंत्रे झाकून ठेवली आहेत. त्यात हे घेराव. गेल्या महिन्यात कामगारांनी वर्क्स मॅनेजरला त्याच्याच खोलीत कोंडले. दुपारी त्याने पाणी पाठवा म्हणून मला फोन केला. मी फोन ठेवून दिला. मी स्टोअर्सचा प्रमुख आहे, पाणक्या नव्हे. पाणी पाठवले म्हणून बाहेर उभे असलेल्यांनी माझे नाव लक्षात ठेवले असते तर पुढची पाळी माझी होती.

कारखाना आज ना उद्या बसणार. चौपन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडे कोणी उभे करणार नाही. शकुनचे तसे नाही. ती सरकारी लेखा कचेरीत आहे, दोन वर्षांपूर्वी कायम झाली. राज्य कोणाचेही येवो, पहिल्या तारखेला तिचा पगार होतो. या घरात सध्या भक्कम असे काही असेल तर ती पोरगी. घराचा भक्कम खांब काढून कोणी नागपूरला पाठवतो का? हे विनोदाने लिहिले आहे, नाहीतर पुन्हा पानावरून उठशील.

तरी त्या लोकांना पत्रिका पाठवतो. जुळली तर पाहू.

दिगंबर


बागबाजार
ता. २७ नोव्हेंबर १९६७

चि. दत्तू,

पत्रिका जुळत नाही असे त्यांचे पत्र आले, आणि पाठोपाठ तुझे. त्यांचे पत्र सभ्य आहे.

होय, पत्रिका नवी करून घेतली. जुनी बागबाजारच्या घाटावर गंगेला दिली. जुन्या पत्रिकेत मंगळ दुसऱ्या घरात होता, नव्या पत्रिकेत तो आठव्यात आहे. आठव्या घरातला मंगळ नवऱ्याच्या आयुष्यावर येतो असे लोक मानतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. माझा असायची गरजही नाही, मुलांच्या बापांचा असला की पुरे. आपल्याला नकार द्यावा लागत नाही, कोणाचा अपमान होत नाही, उलट लोक हळहळतात. परवा इथल्या मराठी मंडळात एका बाईंनी शकुनच्या पाठीवरून हात फिरवला.

तू विचारतोस, मंगळ हलवला कसा. फार मेहनत पडली नाही. शकुन झाली तेव्हा मी कलकत्त्यात होतो. नागपूरच्या दवाखान्यात, खोलीच्या दाराशी घड्याळ घेऊन तूच उभा होतास. तू मला लिहिलेस, 'सहा वाजून दहा मिनिटांनी कन्या झाली.' सकाळी की संध्याकाळी, ते लिहायचे राहिले. पुढे भेटीत तोंडाने सांगितलेस, संध्याकाळी. शारदेला क्लोरोफॉर्म दिला होता. ती शुद्धीवर आली तेव्हा पोर कुशीत होते, आणि दिवस कुठला, वेळ कुठली, तिला काही ठाऊक नव्हते. आता मी घरात सांगितले आहे की दत्तूची चूक झाली होती, वेळ सकाळची. बारा तास मागे सरकले की मंगळ आपोआप आठव्यात जाऊन बसतो. तेव्हा 'संध्याकाळी' असे ठामपणे म्हणू शकणारा माणूस जगात एकच उरतो, आणि तो सध्या मला शिव्या घालतो आहे.

असो. तुझा विजय डिप्लोमा होऊन दीड वर्ष घरी बसला आहे असे ऐकतो. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक जागा रिकामी होते आहे. कारखाना बसायचा तेव्हा बसेल; तोवर अनुभवाचा दाखला तर मिळेल. साहेब माझा शब्द खाली पडू देत नाही.

सकाळ होती की संध्याकाळ, नीट आठवून बघ आणि कळव.

दिगंबर


बागबाजार
ता. १८ फेब्रुवारी १९६८

चि. दत्तू,

तू काहीच कळवले नाहीस, नुसते मुलाला गाडीत बसवून दिलेस. तुझे उत्तर मिळाले.

विजय कामाला लागला आहे. त्याची सोय मी एका मेसमध्ये केली, घरी ठेवला नाही. पोरे एकत्र राहिली की जुन्या गोष्टी निघतात. मासे खायला शिकला आहे, तुझ्या बायकोला सांगू नकोस.

आता एका गोष्टीत तुझे मत हवे होते, म्हणजे माझे ठरले आहे, तू फक्त ऐक. आपल्या मंडळात श्यामकांत म्हणून एक जण आहे. एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत विम्याचे हिशेब करतो. माणूस भाबडा, पण आकडेमोड पक्की. त्याने इथल्या मराठी माणसांसाठी एक निधी काढला आहे. दरमहा पगारातला थोडा भाग भरायचा. कारखाना बंद पडला किंवा कपातीत नोकरी गेली, तर वर्षभर अर्धा पगार निधीतून मिळणार. स्वतः सोडली किंवा गैरवर्तनाने गेली तर काही नाही. आयुष्याचा विमा असतो, आगीचा असतो, तसा हा नोकरीचा. रविवारी घरी येऊन त्याने सगळे समजावून सांगितले. शारदेने पोहे केले, आणि तो बोलत असताना ती दारात उभी राहून देवाचे नाव घेत होती. तिला वाटले संकट टळले.

मी त्याला एकच विचारले, यात येणार कोण? ज्याची नोकरी डळमळते तो धावत येणार. ज्याची पक्की, बँकवाले, सरकारवाले, ते परक्याच्या पोटासाठी कशाला पदरचे घालतील? म्हणजे होडी भरणार ती सगळी बुडणाऱ्यांनी. आणि आम्ही बुडणारही बरोबरच. एका कारखान्याला टाळे लागले की त्याला माल पुरवणाऱ्या चार कारखान्यांना लागते. त्या दिवशी निधीच्या दाराशी रांग लागेल आणि आत खडखडाट असेल. शिवाय नोकरी गेली की सोडली हे पंच ठरवणार. घेरावात माणसाच्या मानेवर बसून राजीनामा लिहून घेतात, त्याला काय म्हणणार?

श्यामकांत म्हणाला, "काका, पक्क्या नोकरीची माणसंही येणार आहेत. मी बोललोय त्यांच्याशी."

मला हसू आवरेना. मी म्हटले, भरतील दोन महिने, मग त्यांच्या बायका विचारतील. त्याने पोहे मात्र संपवले.

तरीही मी दोन आठवडे खरोखर विचार केला, नाही असे नाही. रक्कम फार नव्हती. पण वर्षभराने मी छप्पन्नच्या घरात; पुढे काय? पुढे शकुनच. मग पहिल्यापासून शकुनच का नको? निधी वर्षभर पोसणार, ती जन्मभर. त्याला हप्ता आहे, हिला नाही.

तिलाही हे ठाऊक असल्यासारखे परवा म्हणाली, "बाबा, हप्ता मी भरते तुमचा. तुम्हाला रात्री झोप लागत नाही."

मी नको म्हटले. तिला वाटले मानी आहे बाप, डोळ्यांत पाणी आले तिच्या. खरे कारण तुला सांगायला हरकत नाही. एकदा माझा विमा उतरला की तिच्या मनात येणार, बाबांची सोय झाली, आता आपले बघावे. आज ती रात्री माझ्या खोकल्याने जागी होते. ती जाग मला हवी आहे. अर्ध्या पगारावर मी ती विकत नाही.

विजयला सांग, वडिलांना पत्र लिहिताना काकांकडचे काही लिहायचे नसते.

दिगंबर


बागबाजार
ता. २१ जुलै १९६८

चि. दत्तू,

इथे एक नाटक झाले. मंडळातले नव्हे, आमच्या बैठकीच्या खोलीतले.

श्रीकांत नावाचा एक बँकेतला अधिकारी बदलून इथे आला आहे. मूळचा पुण्याचा, तिशीतला, दिसायला बरा. मंडळात त्याची आणि शकुनची ओळख झाली. आपल्याच माणसांत आहे म्हणून मी कानाडोळा केला. काल संध्याकाळी तो एकटाच घरी आला. कोणी वडीलधारे बरोबर नाही, स्वतःच स्वतःचे स्थळ घेऊन. शारदेने शिरा केला, काजू घालून. त्या काजूंवरूनच मी ओळखले की हिला आधीपासून माहीत होते.

पेढ्यांचा पुडा ठेवून तो म्हणाला, "काका, शकुनच्या पगाराबद्दल मला आधी एक सांगायचंय."

पहिल्याच वाक्यात पगार. माणूस ओळखायला मला एवढे पुरते. मी त्याला पुढे बोलूच दिले नाही. उठलो आणि पत्रिका त्याच्यासमोर ठेवली. म्हटले, आधी हे बघा, मग बाकीचे.

त्याने ती उघडलीदेखील नाही. हसला आणि म्हणाला, आमच्या घरात हे कोणी बघत नाही. तेव्हा मात्र माझी धडगत दिसेना. आजवर जितके आले ते मंगळ वाचून आल्या पावली गेले. न वाचणाऱ्याचे काय करायचे हे मी योजलेच नव्हते.

योजावे लागले नाही. शकुन आतून आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो खाली ठेवून ती त्याला म्हणाली, "मी बघते."

तो म्हणाला, "तुझा कधी विश्वास होता यावर?"

"नव्हता. तुमच्याबद्दल मनात यायला लागलं तेव्हापासून आहे. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

तो पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून निघून गेला. शारदा पदर तोंडाला लावून आत गेली. शिरा तसाच राहिला, नंतर मी खाल्ला.

हे नीट लक्षात घे, दत्तू, मी एक शब्द बोललो नाही. नकार तिने दिला, तिच्या तोंडाने दिला. पोर त्या माणसावर जीव टाकते म्हणूनच त्याला दूर ठेवते, आणि मला काही करावे लागत नाही. इतके चोख काम मी कारखान्यात कोणाकडून पाहिलेले नाही.

आता तिने मंगळवारचा उपास धरला आहे. कोणासाठी ते सांगत नाही. एका वेळचे जेवण वाचते.

शारदेने मात्र रात्री मला विचारले, खरंच सकाळ होती का हो? मी म्हटले, मी कुठे होतो तिथे, दत्तूला विचार. ती तुला लिहील. जपून.

दिगंबर


बागबाजार
ता. १२ जून १९६९

चि. दत्तू,

आज सकाळी फाटकावर नोटीस लागली. टाळेबंदी. मालकांचे म्हणणे कामगारांनी बुडवले, कामगारांचे म्हणणे मालकांनी. आम्ही मधले, आमचे म्हणणे कोणी विचारले नाही. बत्तीस वर्षे ज्या दरवानाने सलाम केला त्याने आज मला रस्त्यावर उभे राहून नोटीस वाचायला सांगितले.

विजय शुक्रवारच्या मेलने निघेल. पोर चांगले काम करत होते. शारदेने गेल्या वर्षी तुला पत्र लिहिले तेव्हा तू मिठाची गुळणी धरलीस, हे मी विसरलो नाही. त्यानंतर त्याला पगारवाढ मिळाली होती. आपल्यात आता देणेघेणे काही राहिले नाही, तरी तुझे तोंड मिटलेले राहील असे धरून चालतो.

माझी काळजी करू नकोस. करत नसशील तर उत्तमच. मी दुपारी घरी आलो, जेवलो, झोपलो. संध्याकाळी शकुन कचेरीतून आली, तिला शारदेने सांगितले. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मी आहे ना." मला तेवढेच ऐकायचे होते.

दिगंबर


बागबाजार
ता. २ नोव्हेंबर १९६९

चि. दत्तू,

तू पत्र लिहीत नाहीस, तरी मी लिहितो. दिवसभर दुसरे काम नाही.

त्या श्यामकांतच्या निधीची गंमत ऐक. मनोहर म्हणून माझ्या हाताखालचा एक जण होता. त्याने पहिल्या महिन्यापासून पैसे भरले, मी त्याची टिंगल करत असे. त्याला आता दरमहा अर्धा पगार घरपोच येतो. आणखी सहा-सात जणांना येतो. खडखडाट झाला नाही. बँकवाल्यांनी आणि सरकारी लोकांनी एक हप्ता चुकवला नाही, उलट टाळेबंदीनंतर आपणहून वाढवून दिला. हे मला अजून पटलेले नाही. ज्यांच्या नोकरीला धक्का नाही ते भरतात कशाला? यात त्यांचा काहीतरी डाव असणार, तो मला सापडत नाही एवढेच.

चष्म्याच्या कामाने एस्प्लनेडला गेलो होतो, म्हणून सहज श्यामकांतच्या कचेरीत डोकावलो. मागचे सगळे हप्ते एकदम भरले तर चालेल का, असे बोलता बोलता निघाले. तो ओशाळून म्हणाला, "काका, बंद पडल्यावर कसं घेता येईल? सभासदांना सांगतो, मदत म्हणून काहीतरी होईल." मी म्हटले, मदत भिकाऱ्याला करतात. चहा न घेता उठलो. चष्मा करायचा राहून गेला.

घरी शकुन सगळे करते. पगार शारदेच्या हातात देते. माझ्या ट्रामच्या भाड्याचे आणि विडीकाडीचे पैसे फळीवर ठेवते, मला मागावे लागू नयेत म्हणून. मला ते जास्त झोंबते. मागितले असते तर निदान नाही म्हणायची तिला संधी होती आणि रागवायची मला.

श्रीकांतची गेल्या महिन्यात बदली झाली, तुमच्याच नागपूरला. शकुन स्टेशनवर गेली नाही. वेळेवर घरी आली, आईला भाजी चिरू लागली. तिच्या आईला वाटते ती आतल्या आत झुरते. झुरली तरी पहिल्या तारखेला पगार होतो.

दिगंबर


बागबाजार
ता. १९ जानेवारी १९७०, सोमवार

दत्तू,

मुलाची नोकरी होती तोवर तुझा विवेकही ड्रॉइंग ऑफिसात कामाला होता वाटते. टाळे लागले आणि तो घरी परतला.

तू तिला कचेरीच्या पत्त्यावर लिहिलेस. माझ्या घरात माझ्या पाठीमागे. बुधवारी ती आली, जेवली, ताट धुऊन ठेवले, आणि मग माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मी झाले तेव्हा सकाळ होती की संध्याकाळ?"

"सकाळ."

"काका संध्याकाळ म्हणतात."

मी म्हटले, काकाचे आणि माझे भांडण तू लहानपणापासून पाहते आहेस, त्याला माझे घर मोडायचे आहे. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी वर्तमानपत्र उचलले. मग म्हणाली, "तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय. तो काका निघावा असंच मला वाटतंय, बाबा. पण मी त्यांच्या तोंडून ऐकून येते."

तिने रजा काढली आहे आणि बदलीचा अर्जही देऊन ठेवला आहे, नागपूरच्या कचेरीसाठी. येत्या रविवारच्या मेलने निघते. तू स्टेशनवर ये असे तुला लिहिल्याचे तिने मला सांगितले. म्हणजे आता सगळे तुझ्या जिभेवर आले.

मी तुला काय सांगायचे ठरवले आहे ते शांतपणे वाच. फलाटावर ती विचारील. तू म्हणायचेस, सकाळ होती, दादावरच्या रागाने मी तसे लिहिले. एवढेच. त्या पोरीच्या मनातून श्रीकांतच्या जिवाची धास्ती अजून गेलेली नाही. मंगळवारी अजून जेवत नाही ती. तुझा एक शब्द पुरेल, ती त्याला न भेटता पुढच्या गाडीने परत येईल.

नाही म्हणालास तर मला एवढेच करावे लागेल. तू दोन वर्षे सगळे जाणून होतास, आणि पोराच्या नोकरीपायी गप्प बसलास, हे मी तिला कळवीन. आज तिच्या लेखी जगात एक काका सज्जन उरला आहे. तोही राहणार नाही. तुझ्या मुलाला कळेल, तुझ्या बायकोला कळेल. आईच्या तेराव्याला ज्या तोंडाने मला बोललास ते तोंड कुठे नेशील याचा विचार कर.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. कारखाना उघडत नाही. निधीतही मी नाही. ती गेली तर मी काय खाऊ? हे तुला कोणी विचारले नव्हते म्हणून तुला सत्य बोलणे सोपे गेले. ज्याच्या घरात पेन्शन यायची आहे त्याने दुसऱ्याच्या घरात खरे बोलू नये.

रविवारच्या आत तार कर. 'ठीक' एवढा एकच शब्द पुरे.

दिगंबर


नागपूर
ता. २ फेब्रुवारी १९७०

बाबा,

तुम्ही तारेची वाट पाहिली असेल. काकांनी तार केली नाही.

फलाटावर मी त्यांना विचारले. तुमची सगळी पत्रे त्यांनी कापडात बांधून आणली होती, ती माझ्या हातात दिली आणि माझी बॅग उचलून चालू लागले. मी स्टेशनवरच्या बाकावर बसून वाचली. विजयच्या नोकरीचेही वाचले. काका थोडे लांब उभे होते. मी त्यांच्या घरी राहिले नाही. कचेरीतल्या एका मैत्रिणीच्या बहिणीकडे उतरले आहे. काकांना वाटले होते की पत्रे दिली म्हणजे मी त्यांना माफ करीन. त्यांनी ती फार उशिरा दिली असे मी त्यांना सांगितले. ते रडले. मला त्याचे काही वाटले नाही, आणि असे काही न वाटणे मी कुठे शिकले तेही कळले.

श्रीकांतना भेटले. त्या संध्याकाळी ते तुम्हाला पगाराबद्दल काय सांगायला आले होते ते तुम्ही ऐकून घेतले नाही, म्हणून लिहिते. लग्नानंतर माझा पगार पूर्वीसारखाच बागबाजारला येत राहावा, असे त्यांना सांगायचे होते. आधी तेवढे सांगून टाकावे, म्हणजे तुम्हाला घोर नको, असे त्यांच्या मनात होते. माझे तर काय, बाबा, तुम्ही नुसते म्हटले असतेत की मला भीती वाटते, तर मी कुठेही असते तरी तुम्हाला काही कमी पडू दिले नसते. तुम्ही विचारलेच नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतो आहोत. वेळ संध्याकाळची होती हे आता मला पक्के ठाऊक आहे. दुसऱ्या घरातला मंगळ काही करत नाही हेही ठाऊक आहे. तरी काल त्यांना बँकेतून मला भेटायला यायला उशीर झाला तर मला घरात बसवेना. मी दाराशी उभी राहून रस्त्यावरची प्रत्येक सायकल बघत होते. ते आले, हसले, आणि मला हसता येईना. हे आता जन्मभर असेच होणार असे दिसते. तुम्ही गंगेत सोडलेली खरी पत्रिका परत मिळाली तरी ते जाणार नाही.

आई माझ्याबरोबर आली नाही. तुम्हाला स्वयंपाक येत नाही म्हणाली. तिची पत्रे मी शेजारच्या घोषबौदींच्या पत्त्यावर पाठवीन, त्या तिला नेऊन देतील. ती पत्रे तुम्ही मागू नका.

मी काय खाऊ, असे तुम्ही काकांना विचारले आहे. मला विचारायला हवे होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या नावाने मनीऑर्डर येईल. ती कधी चुकणार नाही, तुम्ही आहात तोवर येईल. पोस्टमनला सही करून द्या. खालच्या कुपनावर खुशाली लिहायला जागा असते. ती मी कोरी ठेवणार आहे.

शकुन